काफिल्यातील शेवटची गाडी



अरबस्तानातील रुब-अल-खाली हे सुमारे ६,५०,००० चौरस किलोमीटरचे वाळवंट. तेथे पूर्वी उंटांचे काफिले जात. आज फोर-व्हील ड्राइव्ह गाड्यांचे जातात. शहाणा माणूस तेथे एकट्या गाडीने शिरत नाही. वाळू लागताच चाकांतील हवा कमी करतात. टायर पसरतो, भार विभागला जातो, गाडी तरते. टणक फुगलेले चाक मात्र रुतते. डोक्यात हवा गेलेल्या माणसाचेही तसेच होते.

काफिल्याचा नियम असा : प्रत्येक चालकाने आरशात मागची गाडी पाहत राहावे, ती दिसेनाशी झाली की थांबावे. अशा रीतीने एकेक करीत सारा काफिला थांबतो.

तिघे प्रवासास निघाले तर एकाला अमीर नेमावे, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण. स्वतः अमीर असूनही ते प्रवासात मागे राहत, दुर्बलांना आपल्यामागे वाहनावर बसवीत आणि त्यांच्यासाठी दुआ करीत, असे हदीसमध्ये येते.

आता आपला आरसा पाहू या. कर्जात रुतलेला भाऊ, विधवा बहीण त्यात दिसते का? जुम्याला पहिल्या सफेत पोहोचण्याची ओढ स्तुत्यच. परंतु महिनाभर मशिदीत न दिसलेल्या शेजाऱ्याच्या दारी कोण गेले? सलाम फेरून मी जमातीकडे वळतो, तेव्हा हा प्रश्न प्रथम मलाच विचारला जातो.

मागे राहिलेल्यासाठी थांबण्याची तौफीक अल्लाह आपणा सर्वांना देवो. आमीन.