कावड कोणासाठी वाहिली?

माझ्याच एका चुकीची हकीकत वाचकांपुढे ठेवतो.

शिरूर तालुक्यात, पुणे-नगर रस्त्यावर कारेगाव आहे. जवळच रांजणगावचा गणपती, आणि भोवती आता कारखान्यांची वसाहत. तेथील सप्ताहात माझे कीर्तन झाले. विषय अभिमानाचा. बोलण्याच्या भरात मी म्हणून गेलो, ‘पोरगा फौजेत गेला म्हणून मिरवणाऱ्या माळकऱ्याने आधी गळ्यातल्या तुळशीला विचारावे!’ टाळकरी हसले. एक हसला नाही.

पंगत उठल्यावर तो जवळ आला, पाया पडला नि म्हणाला, “महाराज, माझा मुलगा लखनौला आहे. लष्कराच्या वैद्यकीय दलाच्या केंद्रात शिकतोय. रक्त कसं थांबवायचं, मोडलेलं हाड कसं बांधायचं, पडलेला माणूस उचलून मागं कसा आणायचा, हे त्याला शिकवतात. मला त्याचा अभिमान वाटतो. ते पाप असेल तर सांगा, ही माळ काढून तुमच्या हाती देतो.”

‘अभिमान’ या पदाची फोड मी नुकतीच पाऊण तास केली होती. त्या माणसापुढे मला एक अक्षर सुचेना.

लाज वाटली ती याची, की उत्तर मी लहानपणीच पाठशाळेत ऐकलेले होते. सुश्रुतसंहितेत सूत्रस्थानाचा चौतिसावा अध्याय, ‘युक्तसेनीय’. सैन्याचा तळ पडला की वैद्याचे ठिकाण राजाच्या निवासालगत असावे, म्हणजे शल्य लागलेले, विषाने पोळलेले लोक विनाविलंब त्याच्याकडे येतील, असे आचार्य सांगतात. सैन्यातला वैद्य आपल्या शास्त्राला परका कधी होता? आणि आजचा नियम तर याच्याही पुढे गेला आहे. १९४९ च्या जिनिव्हा कराराप्रमाणे जखमी आपला की शत्रूचा हे पाहायचे नाही. आधी कोणाला हात लावायचा ते केवळ जखमेच्या निकडीवरून ठरवायचे. शुश्रूषा करणाऱ्याने शस्त्र बाळगले तर ते स्वतःच्या आणि जखमींच्या रक्षणापुरतेच. आपल्या देशाने त्या करारांसाठी १९६० साली कायदाही केला. भेदाभेद मानू नये म्हणून आपण घसा फोडून सांगतो. या पोराला तर तो शिस्तीचाच भाग म्हणून शिकवला जातो.

मी त्याला नाथांची गोष्ट सांगितली. त्याला पाठ होतीच, कोणत्या वारकऱ्याला नसते! काशीहून रामेश्वराला निघालेली गंगेची कावड, आणि वाळवंटात तहानेने तडफडणारे गाढव. म्हटले, बाबा, मुलगा म्हणजे आईबापाने खांद्यावर वाहिलेली कावडच. माझी माझी म्हणून घरात झाकून ठेवली, तर ती ममता. कोणा अनोळख्याच्या कोरड्या घशात रिती होताना बापाचा ऊर भरून आला, तर त्याला मी अभिमान म्हणणार नाही. माझे बोलणे चुकले. उद्या काल्याच्या कीर्तनात सर्वांसमोर ते परत घेतो.

(घेतलेही. या वेळी कोणी हसले नाही.)

तरी तो उठेना. मग बोलला, “गाढव प्यालं, नाथ मोकळे झाले. पण कावडच फुटली तर, महाराज? रात्री बातम्या लागल्या की त्याची आई उठून आत जाते.”

याला शास्त्राधार कोठून काढू? मी त्याला सोलापूरच्या द्वारकानाथ कोटणीसांचे सांगितले. १९३८ साली राष्ट्रीय सभेने चीनमध्ये जखमींच्या सेवेसाठी पाच डॉक्टर पाठवले, त्यांत हे एक. नागपूरचे डॉक्टर चोळकरही त्यांत होते. कोटणीस तिथली भाषा शिकले, सैन्याबरोबर राहून शस्त्रक्रिया केल्या, हाताखाली विद्यार्थी तयार केले. इकडे वडील शांताराम वारले. कळल्यावरही मुलाने काम सोडले नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी तो तिकडेच गेला. वय ३२.

“म्हणजे बापाला पोरगा पुन्हा दिसलाच नाही,” तो म्हणाला.

“नाही.”

तो बराच वेळ जमिनीकडे पाहत राहिला. मी खोटा धीर दिला नाही. पोरगा सुखरूप येईल असे सांगणारा मी कोण? मंडपात पहारा बदलायची वेळ झाली होती. तो उठला, हातपाय धुऊन आला, आणि वीणेकऱ्याच्या पाया पडून त्याने वीणा आपल्या गळ्यात घेतली.