वहिवाट

शेताच्या बांधावरून वर्षानुवर्षे गाडी नेणाऱ्या शेतकऱ्याला कोणी अडवले, तर तो कागदपत्रे काढीत बसत नाही. 'ही आमची वहिवाट आहे,' एवढेच म्हणतो. आणि कायदाही त्याचे ऐकून घेतो. १८८२ सालच्या भारतीय सुविधाधिकाराच्या कायद्याप्रमाणे एखादी वाट उघडपणे, बिनतंटा, हक्काने आणि अखंड २० वर्षे वापरली, की तिच्यावर हक्क जडतो. ती वाट पहिल्या दिवशी योग्य होती की नव्हती, याची चौकशी मग कोणी करीत नाही. जे इतकी वर्षे निर्वेध चालले, ते चालण्यामुळेच योग्य ठरते काय? हा प्रश्न मला एका यंत्रापायी आठवडाभर छळीत होता.

गोष्ट २०१७ सालची. तालुक्याच्या गावी लहान मुलांचे कान तपासण्याचे एक केंद्र आहे. तेथले श्रवणमापक यंत्र संगणकाला यूएसबीच्या तारेने जोडलेले. यंत्राची भाषा संगणकाला समजावून सांगणारा जो दुभाषी असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. यंत्र करणारा कारखाना कधीच बंद पडला होता. दुभाष्याची मूळ संहिता मात्र हाती होती. जुना संगणक मेला, नवा आला, आणि नव्यावर लिनक्सचा जुना कर्नल चालेना. (हा कर्नल पलटणीतला नव्हे; फळातला गर म्हणतो, तसा त्या सगळ्या प्रणालीचा गाभा.) म्हणून दुभाष्याला डिसेंबर २०१६ मध्ये निघालेल्या ४.९ या कर्नलवर नेण्याचे काम माझ्याकडे आले. बदललेली नावे दुरुस्त केली, संहिता बिनतक्रार बांधली गेली. पण पहिली तपासणी सुरू करताच संगणक कोसळला.

असा संगणक कोसळताना एक पंचनामा लिहून ठेवतो. कोणते काम कोणी कोणाला सांगितले आणि कोणत्या ओळीवर प्राण गेला, ते त्यात असते. पंचनाम्यात प्रेत कोठे सापडले ते कळते, घाव कोठे बसला ते कळेलच असे नाही. येथे प्रेत होते माहितीची नक्कल करणाऱ्या एका निरुपद्रवी ओळीवर. दोन दिवस मी त्या ओळीशी झटलो. तिच्यात काही वावगे नव्हते. तिला मिळालेली लांबीच अफाट होती. पंचनाम्याच्या बरेच वर, इतर नोंदींच्या गर्दीत, एक इशारा होता: देवाणघेवाणीसाठी दिलेली जागा यंत्राने थेट लिहिण्याजोगी नाही. यूएसबीच्या विभागाने व्यवहार नाकारला होता. नकार आला आहे काय, हे न पाहताच दुभाषी पुढे गेला होता आणि ज्या जागेत कोणी काहीच लिहिले नव्हते तेथून त्याने लांबी वाचली होती.

ही जागा म्हणजे स्टॅक. प्रत्येक कामाला तात्पुरती आकडेमोड करायला मिळणारी ती पाटी. काम संपले की पुसायची. यंत्राने थेट स्मृतीत लिहायचे असेल तर त्याला ही पाटी देऊ नये, असे कर्नलच्या दस्तऐवजात कैक वर्षांपासून स्पष्ट लिहिलेले होते. पण पूर्वी पाटी स्मृतीच्या सरळ हिशेबाच्या भागात असे, त्यामुळे नियम मोडूनही पत्ता बरोबर निघे. ४.९ पासून पाटीची पाने विखुरलेल्या जागांतून गोळा करण्याची सोय झाली आणि तिच्या कडेला एक राखणीचे पान आले. पाटीबाहेर लिहू जाल तर आता तेथल्या तेथे पकडले जाल. पूर्वी शेजाऱ्याच्या पाटीवर रेघोट्या ओढल्या जात आणि कोणाला पत्ताही लागत नसे.

ही सोय बंद करून कर्नल बांधता येत होता. तसे केले असते तर दहा मिनिटांत यंत्र चालू झाले असते आणि मला कोणी दोष दिला नसता. एका दुभाष्याच्या वहिवाटीसाठी साऱ्या संगणकाची राखण काढून घ्यायची, एवढाच काय तो सौदा!

मौज अशी, की लिनक्समध्ये वहिवाटीला मान नाही असेही नाही. बाहेरून चालणारे कार्यक्रम मोडायचे नाहीत, मग ते कर्नलच्या चुकीवर का विसंबलेले असेनात, हा लिनस टोरव्हाल्ड्सचा कडक दंडक आहे. ड्रायव्हरला मात्र ते अभय नाही. मूळ वृक्षात, म्हणजे घरात, राहणाऱ्या ड्रायव्हरांची दुरुस्ती बदल करणाऱ्यांनी करायची. वेगळे बिऱ्हाड केलेल्यांनी आपले आपण पाहायचे. अशा बाहेरच्याला आत घेतले, की कर्नल स्वतःला कलंकित म्हणून नोंदवतो. तो शब्द मला रुचत नाही. त्याला आपल्याकडच्या विटाळाचा वास येतो. पण त्यामागचा भेद मला पटतो. कार्यक्रम पडला तर एकटा पडतो. ड्रायव्हर साऱ्यांना घेऊन पडतो. ज्याच्या हाती इतकी सत्ता आहे त्याने 'आजवर कोठे काय बिघडले?' असे विचारावे, हे मला मान्य होण्याजोगे नाही. शेतकऱ्याच्या गाडीखाली फार तर शेजाऱ्याचा बांध खचतो.

दुरुस्ती पाच-सहा ओळींची झाली. पाटीऐवजी रीतसर मागून घेतलेली जागा द्यायची, नकार आला तर थांबायचे, शेवटी जागा परत करायची. केंद्राच्या बाईंना हे सांगितले तेव्हा त्यांनी नेमके विचारले, "म्हणजे इतकी वर्षे आम्ही मुलांच्या कानांचे आकडे चुकीचे लिहीत होतो की काय?"

तसे नव्हते. त्या जातीच्या संगणकात प्रोसेसरची जवळची स्मृती आणि मुख्य स्मृती यांचा मेळ यंत्रणाच राखते, म्हणून आकडे खरेच आले होते. दुसऱ्या काही जातींच्या संगणकांवर तोच दुभाषी एखादा आकडा गुपचूप बिघडवू शकला असता. बाई जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "अहो, मग अशा आणखी जागा असतील, त्याही बघून टाका."

तशा आणखी चार निघाल्या. त्या वाटांनी अजून कोणी गेलेच नव्हते, त्यामुळे काही कोसळलेही नव्हते. त्याही बदलल्या. न मोडलेल्या गोष्टींबद्दल बिलात काय लिहावे ते सुचेना. शेवटी 'दुरुस्ती' असेच लिहिले.