तर्रीवरचं ताक

नान-खलिया ही छत्रपती संभाजीनगरची खास ओळख. चौदाव्या शतकात महंमद तुघलकाने राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, तेव्हा लष्कराच्या भटारखान्यातून हा पदार्थ इथे आला असं सांगतात. खलियाच्या रश्श्यावर तेलाचा लाल तवंग असतो, तीच तर्री. जेवण उरकताना कुणीतरी मायेने म्हणतंच, ‘‘वाटीभर दही खा, सगळं पचून जाईल.’’

ही माया खरी, पण श्रेय पित्ताचं आहे. यकृतात तयार होणाऱ्या पित्तातले क्षार तेलाचे बारीक बारीक थेंब करतात, मग स्वादुपिंडातलं लायपेज ते पचवतं. निरोगी माणसाच्या लहान आतड्यात जवळजवळ सगळी चरबी शोषली जाते. दही ती जाळत नाही, अडवतही नाही.

दह्यातल्या काही जिवाणूंचं काम वेगळंच आहे आणि मला ते फार विलक्षण वाटतं. वापरलेलं पित्त शरीर फेकून देत नाही. सुमारे ९५ टक्के पित्तक्षार लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून यकृताकडे परततात. दिवसातून कितीतरी वेळा हा फेरा चालतो. लॅक्टोबॅसिलस आणि बिफिडोबॅक्टेरियम यांच्यातले काही जिवाणू या क्षारांना जोडलेलं अमिनो आम्ल तोडतात. तुटलेले क्षार तितक्या सहज परतत नाहीत, थोडे जास्त शौचावाटे जातात. ही तूट यकृत कोलेस्टेरॉल वापरून भरून काढतं. काही प्रोबायोटिकांनी, म्हणजे मुद्दाम घेतलेल्या उपयुक्त जिवाणूंनी, कोलेस्टेरॉल थोडं उतरतं, त्याचं एक कारण हे मानलं जातं. उतरतं ते थोडंच; त्याच्या भरवशावर डॉक्टरांनी दिलेली गोळी कुणी बंद करू नये. शिवाय आपल्या घरच्या विरजणात नेमके तेच जिवाणू असतील, असंही नाही.

तरीही तर्रीच्या जेवणावर मी ताकाच्याच बाजूने आहे. म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश असतो. साईच्या दह्यात तो तसाच राहतो. घुसळून लोणी काढलेल्या ताकात फारच थोडा उरतो. त्या ताकाची कढी उकळली, की जिवाणू मात्र मरतात. म्हणून ताजं, कच्चं ताक प्यावं.

आणि ताकातले जिवाणू पाहुणेच. खाणं थांबलं की थोड्या दिवसांत ते दिसेनासे होतात. आतड्यात कायम राहणारे जिवाणू वेगळे, त्यांना अन्नातला तंतू लागतो. नानच्या मैद्यात तो नावापुरता असतो. मराठवाड्याच्या ज्वारीच्या भाकरीत, हरभऱ्यात, कच्च्या कांद्यात तो चांगला मिळतो. तो आंबवून हे जिवाणू ब्युटिरिक आम्ल तयार करतात आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः त्यावरच जगतात. तेच आम्ल साजूक तुपातही असतं. कोरड्या भाकरीतून तुपातला एक अंश घडवणारे हे जिवाणू आपल्याच पोटात आहेत.