झाडाला काय सांगायचं

लाकूड विकत घेणाऱ्याला झाड तोडल्याचा दोष लागतो का? प्रश्न जुना आहे आणि शास्त्रांचं त्यावर एकमत नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात प्राण्याच्या हत्येला जबाबदार धरलेल्या आठ जणांची यादी आहे. त्यात संमती देणारा, मारणारा, कापणारा आहेच, पण विकणारा, विकत घेणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणाराही आहे. बौद्ध विनयाचा निवाडा वेगळा. आपल्यासाठी मारलेलं भिक्षूने पाहिलं नसेल, ऐकलं नसेल आणि तसा संशयही नसेल, तर ते मांस त्याला चालतं. पतंजली हिंसेचे तीन भाग पाडतो: स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि अनुमोदन दिलेली. यात गिऱ्हाईक कुठे बसतं? ‘मी वखारीत गेलो तेव्हा झाड पडलेलंच होतं’ हे खरं असतं. मी गेलो नसतो तर पुढचं पडलं नसतं, हेही खरंच असतं.

मला हा प्रश्न नव्याने पडला तो टेक्सासातल्या ऑस्टिन शहरात, घरामागे येऊन पडलेल्या सीडरच्या फळ्यांसमोर. गठ्ठ्याच्या टोकाला चिकटवलेल्या कागदावर ‘ब्रिटिश कोलंबिया’ एवढाच पत्ता होता. म्हणजे इथून सुमारे तीन हजार किलोमीटर. आमच्या घराण्याचा धंदा सुतारकीचा, गाव कुडाळजवळ. मी चिप बनवणाऱ्या कंपनीत नोकरी करत असलो तरी फळीवरून हात फिरवल्याशिवाय राहवत नाही. हात फिरवला आणि लक्षात आलं की आमच्या घरात लाकूड असं बेवारस कधी आलं नव्हतं. प्रत्येक फणसाला, प्रत्येक ऐनाला कुणाची तरी परसबाग होती, कुणाचा तरी बांध होता.

या फळ्यांचा डेक, म्हणजे मागच्या दाराबाहेरचा लाकडी ओटा, करायचा होता. कशाला, तर ऑस्टिनच्या पश्चिमेला जमीन चुनखडीची आणि उताराची आहे. आमचं मागचं दार जमिनीपासून चार फूट वर. आई गावाहून आली की दारातच उभी राहते, कारण पायऱ्या तिच्या गुडघ्यांना झेपत नाहीत. ती डेकला ‘लाकडाचं खळं’ म्हणते आणि शेणाने सारवता येणार नाही म्हणून जरा कमी लेखते.

सीडरच का, याचं उत्तर हवामानात आहे. २०२३ साली ८ जुलैपासून २१ ऑगस्टपर्यंत ऑस्टिनमध्ये सलग ४५ दिवस पारा शंभर फॅरनहाइटच्या, म्हणजे जवळजवळ ३८ सेल्सिअसच्या, खाली थांबायला तयार नव्हता. अशा उन्हात प्लास्टिक आणि भुसा एकत्र दाबून केलेल्या गडद फळ्यांवर दुपारी अनवाणी पाय ठेवता येत नाही. रेड सीडर हलकं लाकूड. घनमीटरला जेमतेम पावणेचारशे किलो. ते उष्णता कमी साठवतं आणि पायाला सावकाश देतं. वाकतंही कमी. त्याच्या गाभ्यात बुरशीला मारणारी द्रव्यं झाडाने स्वतःसाठीच साठवलेली असतात, म्हणून गाभ्याचं लाकूड उघड्यावर टिकतं. सालीलगतचं फिकट लाकूड टिकत नाही. साध्या लोखंडी खिळ्याशी हीच द्रव्यं भांडतात आणि फळीवर काळेनिळे ओघळ उतरतात, म्हणून स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. कापताना तोंडाला मास्क हवाच. या भुशाने सुतारांना दमा होतो. त्यातल्या आम्लावर वैद्यकात बराच अभ्यास झाला आहे. झाड तोडलं तरी त्याने पूर्ण हार मानलेली नसते, असं मला तेव्हा वाटलं.

बाबा झाड तोडण्याआधी गाऱ्हाणं घालत. सिंधुदुर्गात कुठलंही काम गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही, त्यामुळे यात त्यांचं विशेष काही नव्हतं. बुंध्याशी विडा-नारळ ठेवायचा, त्या जागेच्या राखणदाराला हाक मारायची, अमक्याच्या घराच्या तुळईसाठी हे लाकूड नेतो आहे, वेडंवाकडं झालं तर सांभाळून घे, असं म्हणायचं आणि जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. देवराईतलं असेल तर गाऱ्हाण्यानेही भागत नसे. देवाचा कौल लागे, आणि तोही बहुतेक देवळाच्याच कामासाठी. मी कॉलेजात असताना हे सगळं भाबडं वाटायचं.

पुढे वराहमिहिराच्या बृहत्संहितेतलं मूर्तीसाठी लाकूड आणण्याचं प्रकरण वाचलं. सहाव्या शतकातला हा उज्जैनचा ज्योतिषी रानात शिरण्याचा विधी अगदी कामगाराच्या नजरेने सांगतो. स्मशानातलं, देवळातलं, नद्यांच्या संगमावरचं झाड घेऊ नये. मधाचं पोळं असलेलं, वीज पडलेलं, आपोआप कोसळलेलं नको. रात्री झाडाची पूजा करावी, त्यावर राहणाऱ्या भूतमात्रांना बळी देऊन दुसरीकडे वस्ती करायची विनंती करावी. सकाळी झाडाला पाणी घालावं, कुऱ्हाडीला मध आणि तूप लावावं आणि ईशान्येकडून घाव घालायला सुरुवात करावी. यातली एक अट मला अडखळवून गेली. घड्याने पाणी घालून वाढवलेलं झाडही तो वर्ज्य मानतो. आजची सदसद्विवेकबुद्धी नेमकं उलट सांगते: रानातलं जुनं झाड वाचवा, लागवडीचं तोडा. वराहमिहिराने कारण दिलेलं नाही. मला वाटतं, ज्याला कुणी हाताने पाणी घातलं त्याच्यावर त्या माणसाचा हक्क राहतो, आणि तो हक्क कुठल्याही पूजेने सुटत नाही.

पण बाबांच्या गाऱ्हाण्यात आणि वराहमिहिराच्या विधीत एक गोष्ट समान आहे, आणि तीच मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. दोन्हीकडे झाडाला सांगावं लागतं की तुझं काय होणार आहे. अमक्या देवाची मूर्ती, अमक्याची तुळई. नुसती क्षमा मागून सुटका नाही.

ज्या किनाऱ्यावरून माझ्या फळ्या आल्या तिथेही हेच. क्वाक्वाक्यावाक्व या तिथल्या मूळनिवासी लोकांच्या सीडरला उद्देशून केलेल्या प्रार्थना जॉर्ज हंट यांनी नोंदवल्या आणि मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी १९२१ साली छापल्या. साल काढायला आलेली बाई झाडाला स्नेह्याप्रमाणे हाक मारते, त्याचं वस्त्र मागते आणि त्याची टोपली करणार हे सांगते. सगळी साल ती सोलत नाही, कारण झाड जगायला हवं. त्या किनाऱ्यावरचे कारागीर उभ्या, जिवंत सीडरच्या खोडातून पाचरी मारून फळ्याही काढत. वर एक खाच, खाली एक खाच, आणि मधली फळी रेषेरेषेने सुटून येई. झाड पुढे वाढत राही. अशा फळीची खूण अंगावर असलेली झाडं तिथे आजही उभी आहेत. मी सुताराचा मुलगा आहे. उभ्या झाडाकडून फळी मागून घेता येते हे कळल्यावर मला त्या रात्री झोप लागली नाही.

तर मी प्रयोग केला. फळ्या मागवण्याआधी, नकाशा हातात असताना, मोठ्याने म्हणून पाहिलं की या लाकडाचं मी काय करणार आहे. ‘आईला दाराबाहेर येऊन बसता यावं म्हणून’ हे वाक्य सहज आलं. ‘चार पाहुणे जेवायला बसावेत म्हणून’ हेही आलं. त्यापुढचं ‘शेजाऱ्याचा आहे म्हणून’ आणि ‘घर विकताना भाव येईल म्हणून’ ही वाक्यं तोंडातून निघेनात. नकाशा वीस फूट बाय सोळाचा होता, तो चौदा बाय बाराचा झाला. झाडाने माझं ऐकलं असं मी म्हणत नाही. मी ऐकलं, आणि त्याने जवळजवळ अर्धं लाकूड वाचलं.

पुण्यात वाढलेला माझा एक गुजराती जैन मित्र आहे. त्याला हे अजिबात पटलं नाही. त्याच्या श्रावकाचारात वर्ज्य ठरवलेल्या पंधरा धंद्यांमध्ये वनकर्म, म्हणजे रानावर चालवलेली उपजीविका, येते; वनस्पती एकेंद्रिय जीव आहेच. तो म्हणाला, ‘तू जे केलंस ते काटकसर आहे. चांगली आहे. पण उरलेल्या अर्ध्याचं काय? हेतू चांगला असला की हिंसा कमी होते, हा हिशेब तुला कुणी शिकवला?’

त्याला माझ्याकडे एकच उत्तर होतं आणि ते एका अवघड जागेतून आलं. स्मृतिग्रंथांत गृहस्थाची पाच हत्यास्थानं सांगितली आहेत: चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. घर चालवायचं म्हणजे रोज या पाच ठिकाणी जीव मरणार. मनूने ही यादी तिसऱ्या अध्यायात दिली आहे. ज्या ग्रंथाची महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी होळी झाली त्याचा आधार घेताना माझ्यासारख्या सुताराच्या पोराला जरा थांबावंच लागतं. पण या यादीतला एक विचार मला सोडवत नाही. चूल विझवा असं ती सांगत नाही. मेलेल्या मुंगीची माफी मागा असंही नाही. तिचं प्रायश्चित्त म्हणजे रोजचे पाच यज्ञ: अध्ययन-अध्यापन, देव, पितर, भूतमात्र आणि दाराशी आलेला माणूस. ज्याचं घेतलं त्याला परत करता येत नाही, म्हणून फेड दुसऱ्यालाच करायची. अतिथी कुणाला म्हणावं याची त्या ग्रंथाची यादी मी घेत नाही. हिशेबाची रीत घेतो.

मित्र म्हणाला, ‘सोयीचं आहे.’ आहे.

ही रीत मला नीट समजली ती आईमुळे. पायाचे खड्डे खणायला मी एका माणसाला बोलावलं होतं, होंडुरासहून आलेला. इथे मातीचा थर वीतभर, की खाली चुनखडीचा कातळ, आणि त्यात भोक पाडायचं म्हणजे हातात थरथरणारं यंत्र आणि डोक्यावर ऑगस्ट. ऑस्टिन शहराने २०१० साली नियम केला होता की बांधकामावरच्या कामगाराला दर चार तासांना दहा मिनिटं विश्रांती मिळाली पाहिजे. २०२३ च्या उन्हाळ्यात राज्याने असे स्थानिक नियम बाद करणारा कायदा मंजूर केला. तो १ सप्टेंबरपासून लागू व्हायचा होता. म्हणजे आमचे खड्डे खणले जात होते तेव्हा त्या दहा मिनिटांच्या आयुष्याचे शेवटचे दिवस चालू आहेत असं दिसत होतं. मी सावलीत उभा राहून आईला वराहमिहिर सांगत होतो. ती ऐकत होती, नजर त्या माणसावर. मग म्हणाली, ‘झिला, झाडाची परवानगी मागतंस, बरा करतंस. ह्या माणसाची कोण मागतलो?’

तिने सामानातून आणलेल्या आमसुलांचं सरबत केलं, मीठ जरा जास्तच घालून, आणि तांब्याने दिलं. तो तिला सेन्योरा म्हणाला. एकमेकांची भाषा दोघांनाही येत नव्हती. दर तासाला सावलीत बसायचं हे तिने हाताने खुणावून ठरवून टाकलं, आणि उन्हं चढायच्या आत कामाला सुरुवात करून दुपारी थांबायचं हेही. काम लांबलं. माझ्या मित्राच्या प्रश्नाला हे उत्तर नाही, हे मला ठाऊक आहे. पण एकेंद्रिय जिवाची चिंता करता करता पंचेंद्रिय जीव उन्हात उभा होता, हे त्यालाही मान्य करावं लागलं.

भूतयज्ञाचं म्हणाल तर अंगणाच्या कोपऱ्यात दोन जुने जुनिपर आहेत. इथले लोक त्यांनाही सीडरच म्हणतात आणि हिवाळ्यात त्यांच्या परागकणांनी शिंकून हैराण होतात. सोनेरी गालांचा वॉर्बलर नावाचा चिमुकला पक्षी म्हाताऱ्या जुनिपरच्या सालीच्या धाग्यांनी घरटं विणतो. त्याची वीण फक्त टेक्सासात होते आणि १९९० पासून तो संकटग्रस्तांच्या यादीत आहे. आमच्या झाडांवर तो मी पाहिलेला नाही. तरी डेकचा कोपरा त्यांना वळसा घालून गेला, आणि त्या तिरक्या कापात बऱ्याच फळ्यांचे तुकडे वाया गेले. ते शेजारच्या मुलांनी नेले.

एक हिशेब मात्र या सगळ्यात बसत नाही. डेक दिसतो सीडरचा, पण त्याला उचलून धरतो पाइन. खालचे खांब, तुळया सगळं दक्षिणेकडचं पिवळं पाइन, ओळीत लावलेलं आणि तोडण्यासाठीच वाढवलेलं, दाबाखाली तांब्याची रसायनं मुरवलेलं. २००३ अखेरपर्यंत घरगुती लाकडात आर्सेनिकही असे. क्वाक्वाक्यावाक्व बाईची प्रार्थना सीडरला, माझी तगमगही सीडरसाठीच. पाइनला मी काही सांगितलं नाही, आणि सगळा भार त्याच्यावर आहे. त्याच्यासाठी केलं ते एवढंच: प्रत्येक तुळईच्या माथ्यावर डांबरासारखी चिकट पट्टी, भिंतीला जिथे जोडलं तिथे पाणी आत शिरू नये म्हणून पत्रा, आणि फळ्यांमध्ये हवा खेळेल इतकी फट. डेक कुजतो तो बहुधा तिथूनच, वरून चकचकीत दिसत असताना.

फळ्यांना अधूनमधून रंगद्रव्य असलेलं तेल पाजावं लागतं, नाहीतर टेक्सासचं ऊन त्यांना रुपेरी राखाडी करून टाकतं. पुढेमागे त्या खराब झाल्या तर त्यांचं मी बघेन. रसायन न लावलेलं लाकूड आहे, तेलही तोवर उडालेलं असेल. मातीत मिसळेल, नाहीतर थंडीत शेकोटीला जाईल. पाइनला तेही नाही. रसायन मुरवलेलं लाकूड जाळायला इथे मनाई आहे, कारण धूर आणि राख दोन्ही विषारी. ते कचराभूमीतच पुरायचं. तेव्हा मी असेन की नाही सांगता येत नाही. माझ्या मुलीला हे समजावून सांगितलं तर ती म्हणाली, ‘मग सगळं सीडरच का नाही घेतलंस?’ मी तिला वखारीतला भाव सांगितला.