शेळीने कोर्स अर्धवट सोडला होता का?

शहरातल्या एका व्याख्यानात नामवंत डॉक्टरसाहेबांनी निकालच देऊन टाकला: बरं वाटलं की आपले अडाणी पेशंट गोळ्या सोडतात, म्हणून जंतू औषधांना दाद देत नाहीत. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. छावणी ओलांडून पडेगावात शिरताना मात्र त्या टाळ्यांची लाज वाटू लागली. आमच्या पडेगावात मेंढी-शेळी महामंडळाचं प्रक्षेत्र आहे, त्यामुळे शेळ्यांच्या गप्पा इथे नेहमीच्याच. ओळखीचे एक शेळीपालक परवाच म्हणत होते, जंताचं तेच औषध आता लागू पडत नाही. शेळीने कोर्स अर्धवट सोडला होता का?

शेळीची साक्ष नको असेल तर कर्करोगाची घ्या. केमोचा डोस परिचारिका स्वतः सलाईनमधून देते. तरीही विरघळलेली गाठ कधीकधी उलटते आणि पूर्वी न दिलेल्या औषधांनाही जुमानत नाही. १९७६ मध्ये जुलियानो आणि लिंग या संशोधकांना औषधाला दाद न देणाऱ्या पेशींच्या आवरणात पी-ग्लायकोप्रोटीन नावाचं प्रथिन सापडलं. पुढे कळलं की हा विहिरीवरच्या मोटारीसारखा पंप आहे: आत आलेलं औषध उपसून बाहेर टाकतो आणि कोणतं औषध, याची फारशी चौकशी करत नाही. जंतूंकडेही असे पंप असतात.

मग हे शहाणपण येतं कुठून? इथे मला लुरिया आणि डेलब्रुक या शास्त्रज्ञांपाशी रेंगाळल्याशिवाय राहवत नाही. त्यांच्या प्रयोगात औषधाच्या जागी जंतू मारणारा विषाणू होता आणि प्रश्न असा: विषाणूचा हल्ला झाल्यावर जंतू तग धरायला शिकतात, की काही आधीच तयार असतात? नाचाच्या एका कार्यक्रमात सहकारी जुगाराच्या यंत्रात नाणी टाकत होता; ते बघताना लुरियाला युक्ती सुचली. वेगवेगळ्या नळ्यांत मूठभर जंतू वाढवायचे, मग प्रत्येक नळी विषाणू पसरलेल्या ताटलीत ओतायची. हल्ल्यानंतर शिकत असतील तर सगळ्या ताटल्यांत वाचलेले जवळपास सारखे निघतील, भीजपावसासारखे. निघाले ते ढगफुटीसारखे: बऱ्याच ताटल्या कोरड्या, एखादीत शेकडो. म्हणजे बदल आधीच झालेला होता. ज्या नळीत तो लवकर झाला, तिथे वंश फोफावला. साल १९४३. औषधही तसंच: प्रतिकार शिकवत नाही, असलेला निवडतं. १९७९ मध्ये गोल्डी आणि कोल्डमन यांनी हेच गणित गाठींना लावलं.

इथवर मी रुग्णाला निर्दोष सोडवलं होतं. पण माझ्याच युक्तिवादाने मला अडवलं. औषध निवड करत असेल, तर निवडणाऱ्या हाताला जबाबदारी चुकत नाही. गाठीची चलाखी रुग्णाबरोबर संपते. क्षयाचा जंतू खोकल्यातून शेजारी जातो. अनेक औषधं एकत्र द्यायची ती एकातून सुटलेला दुसऱ्यात सापडावा म्हणून, आणि तिथे खंड पडणं घातकच. एवढ्यापुरते डॉक्टरसाहेब बरोबर.

पण चिठ्ठी कोण लिहितं? धारावीतल्या १०० खासगी डॉक्टरांनी क्षयासाठी ८० तऱ्हांचे उपचार लिहिल्याचं १९९१ मध्ये प्रसिद्ध झालं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १०६ डॉक्टरांच्या तऱ्हा ६३ आणि अचूक चिठ्ठ्या ६. पुढच्याच वर्षी हिंदुजा रुग्णालयाच्या डॉ. झरीर उदवाडियांनी तपासलेल्या एकाही औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण जगापुढे मांडले, तर सरकारने वाद घातला तो अशा क्षयाला काय नाव द्यायचं यावरून.

आणि अडाणी पेशंट? मुंबईच्या नंदिता वेंकटेसन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांची श्रवणशक्ती क्षयाच्या औषधांनी गेली. बेडाक्विलिन या क्षयावरच्या औषधाच्या पेटंटला मुदतवाढ मिळू नये म्हणून दोघींनी हरकत घेतली. मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने औषध बनवणाऱ्या कंपनीचा अर्ज फेटाळला आणि स्वस्त बेडाक्विलिनची वाट मोकळी झाली. त्या दोघी पेशंटच होत्या.