लेकराचा नेम, आईबापांचा नेम

सज्जनहो, हल्ली कीर्तन आटोपले की मायबाप पोराला पुढे करतात आणि म्हणतात, "महाराज, अभ्यासाला बसत नाही, शाळेतून तक्रारी येतात. याच्या डोक्यावर हात ठेवा." हात ठेवायला आमची ना नाही. परंतु आधी आम्ही विचारतो, पोराला अभ्यासाला बसवून आपण स्वतः काय करीत असता? बहुतेक घरी उत्तर एकच. बाप मोबाइलमध्ये, आई मालिकेत, आणि पोराला हुकूम : "पुस्तक काढ!" लेकरू कानांनी थोडे शिकते, डोळ्यांनी फार शिकते.

असे पाहा. दिंडीत नवा पोरगा पावली खेळायला उभा राहतो. टाळ एकीकडे, पाय भलतीकडे. त्याला कोणी थप्पड मारतो काय? शेजारचा जुना टाळकरी आपलेच पाऊल जरा ठळक टाकतो. पोरगा बघतो, चुकतो, पुन्हा बघतो, आणि चार मुक्कामांत त्याचा पाय बसतो.

हाच टाळकरी घरी मात्र पोराचे गणित चुकले की हात उगारतो, चारचौघांत त्याला 'ढ' म्हणतो! दहादा ऐकले की लेकराला ते खरे वाटू लागते. मग ते वही उघडीतच नाही. उघडून चुकण्यापेक्षा न उघडलेली बरी. आपण त्याला आळस म्हणतो, पण पुष्कळदा ती भीती असते. भीती मुरली की शाळा सुटते, आणि सुटलेली शाळा पुन्हा धरणे फार कठीण. शाळेत मुलाला मारण्यास व त्याचा मानसिक छळ करण्यास २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मनाई केली. घरी आपला विवेक हाच कायदा.

कोणी म्हणेल, मग काय मोकळे सोडायचे? छे! नेम पाहिजेच. माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते, ती आषाढ शुद्ध दशमीला पंढरीस पोचते. वाट सुमारे अडीचशे किलोमीटरांची, पण मुक्काम ठरलेले, विसावे ठरलेले. परीक्षेच्या आदल्या रात्री सारे पुस्तक पाठ करणे म्हणजे एका दिवसात पंढरी गाठणे. पाय सुजतात, पंढरी दूरच राहते.

म्हणून रोजचा लहान मुक्काम ठरवावा. दिवेलागणीनंतर अर्धा तास घरातले सगळे मोबाइल आणि टीव्ही बंद. पोराने अभ्यास करावा, आपण जवळ बसून पोथी वाचावी, हिशेब लिहावा. वाचता येत नसेल त्या माउलीने "आज काय शिकलास, मला सांग बाळा," एवढे म्हणावे. दुसऱ्याला समजावताना आपले कच्चे कुठे आहे ते कळते. शेजारच्याच्या टक्क्यांशी तुलना नको. काल तीन गणिते सुटली, आज चार सुटली, तर त्या चौथ्याचे कौतुक करावे. फळ्यावरचे नीट दिसते का, ऐकू येते का, तेही तपासून घ्यावे. गुरुजींना तक्रार येण्याआधीच भेटावे. आणि पोराने कोणाची वही फाडली, तर मारू नका. आपली कोरी वही त्याला नेऊन देऊ दे, तुम्ही सोबत जा. चूक निस्तरायला शिकला तोच सुधारला.

गाडगेमहाराज (१८७६–१९५६) स्वतः शाळा शिकले नव्हते, लहानपणी गुरे राखली. तरी कीर्तनाकीर्तनांतून त्यांनी लोकांना बजावले, की पोटाला चिमटा घ्या पण पोरांना शिकवा. आपल्याला तर पोटाला नव्हे, अर्ध्या तासाच्या करमणुकीलाच चिमटा घ्यायचा आहे. तेवढेही जमत नसेल, तर पोराने नेम पाळावा असे कोणत्या तोंडाने सांगावे?

आज रात्रीपासून लेकराशेजारी बसा. त्याचे पाऊल चुकेल, तेव्हा आपले जरा ठळक टाका.

रामकृष्णहरि.