दोन हात वाट

श्रावणातली गोष्ट. चौथीच्या वर्गात नकाशा म्हणजे काय ते शिकवायचे होते. पुस्तकातल्या नकाशाने मुलांचे डोळे जड होतात, म्हणून मी फळा पुसून टाकला आणि म्हणालो, "आपापल्या घरापासून शाळेपर्यंतची वाट काढा. वाटेत जे जे लागते ते सगळे दाखवा."

अर्ध्या तासात पंचवीस नकाशे माझ्या टेबलावर आले. कोणी मारुतीचे देऊळ काढले होते, कोणी पाण्याची टाकी, तर एकाने वाटेतला चावरा कुत्रा शाळेपेक्षा मोठा काढला होता. एका मुलीचा नकाशा मात्र मला नीट उमगेना. तिचे घर गावाबाहेर मळ्यात आहे. तिथून वाट सरळ निघाली होती, पण मध्येच तांबड्या खडूची एक फुली होती, आणि तिथून ती वाट नाल्यात उतरून, मोठा वळसा घेऊन गावात आली होती.

"ही फुली कशाची गं?" मी विचारले.

"गुरुजी, इथे तुमच्या काट्या आहेत ना."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. दुसऱ्या मुलाने 'इथे विहीर आहे' म्हणावे, तसे ती म्हणाली. मी तिच्या नकाशाला दहापैकी नऊ गुण दिले. नकाशा अचूक होता.

त्या काट्यांची हकिकत सांगितली पाहिजे. आमचे गाव पारोळा आणि एरंडोल यांच्या दरम्यान, मोठ्या रस्त्यापासून दोन कोस आत आहे. गावाचे नाव लिहीत नाही. वाटेचे भांडण नाही असे गाव खानदेशात सापडले, तर त्याचे नाव अवश्य लिहावे. आमच्या शेतामागे शेजारच्या नानांचे शेत आणि मळा आहे. त्यांची गाडी वर्षानुवर्षे आमच्या बांधाच्या कडेने जात असे. वडील होते तोवर कोणी काही बोलले नाही. वडील गेले, सातबाऱ्यावर माझे नाव लागले आणि मला बांध दिसू लागला. पूर्वी बैलगाडी जाई, आता ट्रॅक्टरची ट्रॉली जाते. ट्रॉलीचे चाक दरवर्षी वीतभर आत सरकते. मी हिशेब मांडला. दोन हात रुंद आणि चारशे हात लांब म्हणजे दीड गुंठ्याच्या वर जमीन, म्हणजे वर्षाला तीसएक किलो कापूस. गेल्या ज्येष्ठात मी बाभळीच्या काट्या आणून वाट बंद केली. सातबाऱ्यावर वाटेची नोंद नव्हती. कायदा माझ्या बाजूने आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली. ती खरी नव्हती, हे पुढे कळले.

नाना तहसीलदाराकडे गेले नाहीत. माझ्याशी भांडलेही नाहीत. त्यांची नात नाल्यातून शाळेत येऊ लागली, आणि मी तिला नकाशा शिकवू लागलो.

वाचकहो, मी कादंबऱ्याही लिहितो. माझ्या कादंबऱ्यांत रस्ते पुष्कळ आहेत. नायक रस्त्याने शहरात जातो, नायिका रस्त्याकडे डोळे लावून बसते, शेवटच्या प्रकरणात कोणीतरी त्याच रस्त्याने परत येतो. पण त्या रस्त्याखालची जमीन कोणाची, ती कोणी दिली आणि देताना त्याला काय वाटले, हे एकाही कादंबरीत मी लिहिलेले नाही. रस्ता आकाशासारखा आधीपासून असतोच, असे मी धरून चाललो होतो.

मोठा रस्ता तसा वाटतो खरा. आमच्या जिल्ह्यांतून जाणारा सहा नंबरचा महामार्ग आता ५३ नंबरचा झाला आहे. सुरतेजवळच्या हजिऱ्यापासून ओडिशातल्या पारादीपपर्यंत तो जातो. धुळ्याला त्याची आणि मुंबई-आग्रा रस्त्याची गाठ पडते. फागण्यापासून तरसोदपर्यंतच्या चौपदरीकरणाची धूळ आम्ही कितीतरी वर्षे खाल्ली. त्यासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांना सरकारने मोबदला दिला. कमी दिला, उशिरा दिला, असे लोक म्हणतात, पण मोजून दिला. आता खेड्यातला रस्ता पाहा. २५ डिसेंबर २००० रोजी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. सपाटीवर पाचशे वस्तीचे आणि डोंगरात, आदिवासी भागात अडीचशे वस्तीचे गाव पक्क्या रस्त्याला जोडायचे, असे ठरले. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांना त्याचे मोल विचारा. पण त्या योजनेच्या पैशात खडी बसते, डांबर बसते, मोऱ्या बसतात. जमिनीची किंमत बसत नाही. जमीन गावानेच द्यायची. शेताच्या वाटेची तर गोष्टच नको.

म्हणजे मौज अशी, की जो ताशी ऐंशी किलोमीटरने आमच्या गावाकडे न बघता निघून जातो, त्याच्यासाठी जमीन विकत घेतली जाते; आणि जी बाई डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन घरी येते, तिला वाट मागून घ्यावी लागते. परक्याला हक्काने आणि शेजाऱ्याला उपकाराने! यात काहीतरी उलटे आहे, हे मला त्या तांबड्या फुलीने दाखवले. पण उलटे आहे म्हणजे नेमके काय? वाट देणे हा उपकार की देणे असलेले ऋण? वाट सगळ्यांना हवी आणि नुकसान मात्र एकट्याचे, मग त्या एकट्यानेच का सोसावे? माझा प्रश्न अगदीच खोटा नव्हता.

हा प्रश्न जगाला नवा नाही. अमेरिकेत डाकोटाच्या गवताळ माळावर एकोणिसाव्या शतकात वस्ती झाली, तेव्हा जमीन मैलामैलाच्या चौकोनांत मोजली गेली. तिथल्या कायद्याने प्रत्येक चौकोनाच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना तेहतीस-तेहतीस फूट जागा येण्याजाण्यासाठी मोकळी ठेवली. आधी वाट, मग मालकी. तिथल्या शेतकऱ्याला जमीन मिळाली तीच मुळी वाट वगळून, त्यामुळे 'मी दिली' असे म्हणण्याची सोयच त्याला राहिली नाही. आमच्याकडेही इंग्रजी अमदानीत मोजणी झाली. गावनकाशावर दुहेरी तुटक रेषांनी गाडीवाटा दाखवल्या, एकेरी तुटक रेषेने पायवाटा. पण पुढे भाऊभाऊ वेगळे झाले, एका नंबराचे चार हिस्से झाले, आणि आतल्या हिश्शाला जायला वाट राहिली ती केवळ बाहेरच्या हिश्शाच्या मनात. मन आहे तोवर वाट आहे.

मनाबाहेरही थोडी सोय आहे. १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याने वहिवाटीची अडवलेली वाट मोकळी करून घेता येते. १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या १४३ व्या कलमाने बांधावरून वाट मिळवता येते. नाना गेले असते तर माझ्या काट्या निघाल्या असत्या. पण तहसीलदाराने मोकळ्या केलेल्या वाटेवरून दोन शेजारी कसे जातात, ते मी पाहिले आहे. एक पुढे बघत जातो आणि दुसरा बांधावर उभा राहून चाक कुठे पडते ते बघतो. कायदा वाट काढून देतो. ती देणे त्याच्या हाती नाही.

देण्याचा विषय निघाला की धुळेकरांना विनोबा आठवायचेच. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात ते दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते लिहून घेत. त्यानंतर एकोणीस वर्षांनी, १८ एप्रिल १९५१ ला, तेलंगणातल्या पोचमपल्लीत त्यांना पहिले भूदान मिळाले आणि मग तेरा वर्षे हा माणूस जमीन मागत देशभर पायी फिरला. तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा, अशी त्यांची मागणी असे. लोकांनी दिलेही. पण पुष्कळांनी दिले ते खडकाळ, मुरमाड, आपल्याला नको असलेले. दानाची हीच अडचण आहे. काय द्यायचे, किती द्यायचे, कोणाला द्यायचे, हे देणारा ठरवतो.

वाटेचे तसे नाही. वाट जिथून जायची तिथूनच जाते. 'तो खालचा खडकाळ तुकडा घ्या' असे तिला सांगता येत नाही. ती एकट्याला देता येत नाही. आज नाना जातील, उद्या त्यांचा पाहुणा, परवा त्यांच्या शेताचा नवा मालक, आणि कधीतरी त्यावरून कोणाची तिरडीही जाईल. ज्यात देणाऱ्याला निवडच नाही त्याला दान कसे म्हणावे?

हे सारे मी एका रात्री आईपुढे बोललो. थोडे ऐटीतच बोललो. आई वाती वळत होती. ती म्हणाली, "भाऊ, तू आपला वावरमा कथाईन जास?"

आपल्या शेतात तू कुठून जातोस, एवढाच तिचा प्रश्न.

मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि थांबलो. गावापासून आमच्या शेतापर्यंत मध्ये तीन शेते लागतात. तिन्ही दुसऱ्यांची. त्यांच्या बांधावरून आमची गाडी जाते. चाळीस वर्षांत ही वाट कोणाची, असा विचार माझ्या मनात आला नाही, कारण ती कोणी अडवली नाही. मी फक्त शेवटच्या बांधाचा हिशेब मांडला होता.

मग आई बहात्तर सालाचे बोलू लागली. त्या दुष्काळात सरकारने कामे काढली, त्यात आमच्या गावचा रस्ता झाला. तेव्हा तिचे नुकतेच लग्न झाले होते. दिवसभर खडी फोडायची, संध्याकाळी तांबड्या मिलोची भाकरी आणि मुलांना सुकडी. काळ्या मातीतला रस्ता म्हणजे पोट नसलेली गोणी; कितीही टाका, आत जाते. पावसाळ्यात ही माती फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. नुसती खडी दोन पावसाळ्यांत गडप होते, म्हणून आधी मुरमाचा जाड थर द्यावा लागतो. तो मुरूम तिने डोक्यावर वाहिला. आणि रस्ता ज्याच्या शेतातून गेला, त्या म्हाताऱ्याने एक पैसा घेतला नाही. "कोणी मागितलं होतं त्याला?" मी विचारले. आई म्हणाली, "मागायला काय पाहिजे? सगळे उपाशी होते, आणि काम त्याच्याच वावरातून जात होतं."

त्याच रस्त्याने मी शिकायला गेलो. गावातली निम्मी पोरे त्याच रस्त्याने सुरतेला, पुण्याला गेली आणि आता दिवाळीला तेवढी येतात. रस्ता माणसे आणतो तशी नेतोही. डाकोटातली कितीतरी गावे एवढे रस्ते असूनही रिकामी झाली. तेव्हा रस्त्याने गाव सुखी होते, असे मी म्हणणार नाही. मी एवढेच म्हणतो, की ज्याचा पाय दुसऱ्याच्या बांधावर पडल्याशिवाय घराबाहेर पडत नाही, त्याला आपल्या बांधावर 'माझे' म्हणून काट्या लावता येत नाहीत. मी वाट देतो तेव्हा मी नवे काही देत नाही. मी घेतलेले पुढे पोचवतो. नुकसान एकट्याचे होते हे खरे, पण ते पाळीपाळीने प्रत्येकाच्या वाट्याला येते, आणि माझी पाळी आली तेव्हाच मी रांगेतून बाहेर पडलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी काट्या काढल्या. हाताला दोन ठिकाणी रक्त आले. लावताना आले नव्हते, कारण तेव्हा मजूर लावले होते. नानांना काही सांगितले नाही. सांगायला गेलो असतो तर तो पुन्हा उपकारच झाला असता. दोन दिवसांनी त्यांची नात बांधावरून शाळेत आली. तिचे पाय कोरडे होते. वर्गात तिने आपली वही उघडली आणि खोडरबराने ती तांबडी फुली घासू लागली. खडू पूर्ण गेला नाही. कागदावर गुलाबी डाग राहिला.

इथे संपवले असते तर निबंध दिवाळी अंकाला शोभला असता. पण खरे ते सांगून टाकतो. दसऱ्याच्या सुमारास नानांची कापसाची पहिली गाडी निघाली. ट्रॉली नव्हती, बैलगाडीच होती. मी बांधावर उभा होतो. नाना म्हणाले, "रामराम, गुरुजी." मीही रामराम म्हणालो. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या रोमन कायद्यात वाटेची रुंदी सरळ असेल तिथे आठ फूट आणि वळणावर सोळा फूट सांगितली होती. तो कायदा करणाऱ्याने कधीतरी गाडी हाकली असली पाहिजे. आमच्या शेताच्या कोपऱ्यावर वळण आहे. तिथे बैल आत वळले आणि चाक कपाशीवरून गेले.

गाडी दूर गेल्यावर मी तिथे जाऊन मोडलेली झाडे मोजली. सात होती.

मोजायला नको होती, हे मला कळते. पुढच्या वर्षी त्या कोपऱ्यावर कपाशी न लावता जागा मोकळी सोडावी, असे मनात आहे. म्हणजे मोजायला काही राहणार नाही.